इंजन गार पडलं

सिडको एन-५, औरंगाबाद
२७ ऑक्टोबर १९८६

श्री. रामकिसन यांस,

पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत आलात आणि दोन्ही वेळा मी तुम्हाला परत पाठवलं. का पाठवलं ते एकदा सांगून टाकते, म्हणजे तिसरी खेप वाचेल.

विश्वजितच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. डोक्याच्या मारामुळे नऊ तारखेची सकाळ त्याला आठवतच नाही. घरून चहा पिऊन निघालो म्हणतो, त्यापुढे सगळं कोरं. म्हणजे विमान का पडलं हे सांगू शकणारा वैमानिक आहे, पण त्याच्याकडे सांगायला काही नाही. उरलात तुम्ही, विमानाचे मेकॅनिक.

चौकशीचे साहेब परवा घरी येऊन गेले. गंगापूरच्या पुढे नदीकाठच्या उसावर फवारणी चालू होती. वेग कमी करून खाली येताना इंजिनाचा जोर गेला आणि परत आलाच नाही, एवढं नक्की. टाकी फुटून पेट्रोल मातीत जिरलं, तपासायला थेंब उरला नाही. ज्यांच्या कपाशीत विमान पडलं त्या मुक्ताबाईंची साक्ष मात्र आहे. साहेबांनी ती मला वाचून दाखवली: 'इंजिन गार पडले होते व त्यातून पाणी गळत होते.'

पेट्रोलच्या इंजिनातून पाणी! कुठून आलं हो हे पाणी?

मुकुंदवाडीतल्या तुमच्या खोलीसमोर विमानतळावरचं निळं बॅरल उभं असतं, ते मी स्वतः पाहिलंय. त्यात तुम्ही पिण्याचं पाणी साठवता. त्याच रंगाच्या बॅरलांतून विमानात पेट्रोल जातं, आणि दोन्हींना हात एकाच माणसाचा. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण बेरीज मलाही येते.

पाच वर्षं माझ्या घरी जेवलात. त्या अन्नाला स्मरून खरं काय ते कळवा.

पद्मजा

*

मु. पो. देवगाव रंगारी, ता. कन्नड
६ नोव्हेंबर १९८६

सौ. पद्मजावहिनींना रामकिसनचा नमस्कार.

'श्री. रामकिसन यांस' वाचलं अन वाटलं पोस्टमननं दुसऱ्याचंच पाकीट आणून टाकलं. आतापावतर मी रामकिसनभाऊ होतो. कंपनीनं घरी बसवलं, पारावरच्या लोकांनी बोलणं तोडलं, तुमी भाऊ काढून घेतलं. दिवाळीला एवढं बास झालं.

आमच्या गावात विमानाला इमान म्हणतात. म्हातारे कोतारे मला इचारतात, "काय रे रामकिसन, तुझ्यापाई इमान पडलं म्हणं?" दोन्ही अर्थानं झोंबतं, वहिनी.

बॅरल मी नेलं. व्हय, नेलं. चोरून नाय, स्टोअरच्या बाबूला इचारून नेलं. बुडाला गंज चढलेला, कंपनी ते भंगारातच टाकणार व्हती. मुकुंदवाडीत टँकर आठ दिवसानं येतो अन बायामाणसं घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरतात. आता ते बॅरल हितं आईपाशी आणलंय, गावात तर त्याहून वाईट हाल हायेत. पण वहिनी, बॅरल एकदा पाण्याला गेलं की पेट्रोलला माघारी येत नाय. अन मला एक सांगा, ह्या दुष्काळात पेट्रोलमधी पाणी कोण वतंल? पाणीच जास्त मोलाचं हाय!

चामड्यातून गाळल्याबिगर माझ्या हातचं पेट्रोल टाकीत जात नाय. चामडं पेट्रोल सोडतं, पाणी धरून ठिवतं. परत रोज सकाळी टाकीच्या बुडाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतो. पाणी असलं तर तळाला येगळं दिसतं. नऊ तारखेची बाटली शेडमधल्या फळीवर असंल. चिकटपट्टीवर तारीख माझ्या हातची हाय. जाऊन बघा.

बाकी इमान का पडलं ते मला इचारू नका. साहेब बरे व्हऊ द्या, एवढंच देवाला मागतो.

रामकिसन

*

औरंगाबाद
१७ नोव्हेंबर १९८६

श्री. रामकिसन यांस,

'ते मला इचारू नका' असं लिहिलंत, म्हणून मी दुसऱ्यांना विचारायला गेले.

आधी बाटली. शेडमध्ये जाऊन पाहिली. रस्त्याची खोदाई विमानतळाच्या कुंपणापर्यंत आलीय, शेडमध्ये प्रत्येक वस्तूवर बोटभर धूळ. बाटलीवरही होती. आत पेट्रोल स्वच्छ, तळाला काही नाही. तारीख तुमच्या अक्षरातली. पण बाटली बदलायला असा कितीसा वेळ लागतो? तुम्हाला घरी बसवलं ते पाच दिवसांनी. तोवर शेडची किल्ली तुमच्याकडेच होती.

मग रविवारी गंगापूरच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मुक्ताबाईंकडे गेले. सगळा मुलूख करपून गेलाय. नदीच्या अंगाला मात्र मोटारी लावून जगवलेला ऊस आहे, तेवढाच पट्टा हिरवागार. सकाळी नऊ वाजता मी त्या बांधावरून चालले आणि माझ्या साडीचा घोळ दवानं ओला झाला. विमान पडलं ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

बाई सरळ आहे, जे पाहिलं ते सांगते. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "मी पळत गेले. सालगड्याच्या मदतीनं तुमच्या मालकाला ओढून बांधावर आणलं. मंग माघारी वळून बघते तं इंजनातून पाणी टपकून राह्यलं. पाणी दिसलं की हात जातोच, बाई. ओंजळ धरली, तोंडावरून फिरवली. इंजन पार गार पडलं व्हतं." मी म्हटलं, पाणीच होतं कशावरून? तर म्हणाली, "दोन सालापासून पाण्यासाठी रान पालथं घालून राह्यले, मला पाणी वळखू येत नाय व्हय?"

पुढचं ऐका. तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनं होऊन सांगितलं. "तुमचा मेस्तरी फवारणीपायी उसाकडंच व्हता, दहा मिनिटात जीप घेऊन आला. मालकाला जीपमधी निजवलं, अन सवता परत इमानापाशी गेला. बसायच्या जागेत वाकला, चाकूनं कायतरी कापलं अन खिशात घातलं."

माझ्या नवऱ्याचं रक्त वाहत होतं, एकेक मिनिट मोलाचं होतं, आणि तुम्ही खिशात काय घालत होतात, रामकिसन? साहेबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते.

पद्मजा

*

देवगाव रंगारी
२२ नोव्हेंबर १९८६

वहिनी,

मुक्ताबाईनं खरं तेच सांगितलं. मी कापलं, मीच खिशात घातलं. काय कापलं ते सांगत नाय.

चौकशीवाल्यांनी पेट्रोलमधी पाणी व्हतं असं लिहिलं तर लिहू द्या. माझं नाव खराब व्हईल, व्हऊ द्या. मी शेतकऱ्याचा पोरगा, उद्या ट्रॅक्टर दुरुस्त करून पोट भरीन. सगळ्यांनाच तसं जमत नाय.

आता जास्त खोदू नका. खोदलं की पाणीच लागतं असं नाय.

रामकिसन

*

औरंगाबाद
३ डिसेंबर १९८६

श्री. रामकिसन यांस,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस नुसता संताप झाला. काय तो मानभावीपणा! चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तुम्हाला म्हणायचंय ना? आणि संन्यासी तुम्ही? मी साहेबांकडे जायला चप्पल घातली होती. पण त्या दिवशी आठवीच्या वर्गावर तास होता, आणि तिथेच मला अद्दल घडली.

बाष्पीभवनाचा धडा. दरवर्षीप्रमाणे एका मुलीच्या तळहातावर स्पिरिटचे चार थेंब टाकले, फुंकर मारायला सांगितली. ती ओरडली, "बाई, गार लागतंय!" मी फळ्यावर लिहिलं: द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून गारवा येतो. माठातलं पाणी गार का, तेही त्याचमुळे. लिहिता लिहिता खडू थांबला.

गार.

आपण सगळेच वाचून गेलो, 'इंजिन गार पडले होते.' साहेबांनी वाचलं, मी वाचलं. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की आपल्याकडे म्हणतातच, गार पडलं. पण त्या बाईनं हात लावला होता! मी शाळेतून परस्पर जीप गाठली. "मुक्ताबाई, गार म्हणजे बंद, की गार म्हणजे थंड?" ती म्हणाली, "गार म्हंजी गार, बाई. वरून चटका बसंल असं तापलेलं, अन खालचं डबडं रांजणावानी गार. त्याच्याच अंगाला घाम फुटला व्हता, त्योच टपकत व्हता."

पाणी पेट्रोलातलं नव्हतंच. असतं तर ते तोंडावर फिरवल्यावर तिचे डोळे चुरचुरले असते, वास तरी आला असता. ते हवेतलं पाणी होतं, गार भांड्याच्या बाहेरून धरतं तसं.

घरी येऊन विश्वजितचं विमानाचं पुस्तक काढलं. खालचं डबडं म्हणजे कार्बोरेटर. तिथे पेट्रोलची वाफ होते, त्यामुळे तिथली हवा एवढी गार होते की ती दमट असली तर भर उन्हाच्या दिवसातही आत बर्फ धरतो. त्यातून वेग कमी केलेला असला तर जास्तच. बर्फानं हवेची वाट बुजते आणि इंजिन गुदमरतं. विमान पडल्यावर वरच्या इंजिनाच्या उष्णतेनं बर्फ वितळतो आणि पुरावाच उरत नाही. दुष्काळात दमट हवा कुठली, असं कोणीही म्हणेल. पण त्या उसाच्या पट्ट्यात दव होतं, माझ्या साडीला लागलेलं.

त्याच पानावर विश्वजितनं पेन्सिलीनं रेघ ओढलीय: इंजिनाचा जोर कमी होऊ लागला की गरम हवेची कळ ओढावी. अकरा वर्षं तो विमान चालवतोय. तो ही कळ विसरेल? शक्य नाही. मग का ओढली नाही?

चाकूनं काय कापतात, रामकिसन? दोरी कापतात. ती कळ बांधलेली होती. जागच्या जागी करकचून बांधलेली. आणि बांधणारे तुम्हीच. म्हणून माणूस रक्तात पडलेला असताना तुम्ही आधी दोरी लपवायला धावलात. आता तरी कबूल करा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर हे सगळं साहेबांच्या टेबलावर जाईल.

पद्मजा

*

देवगाव रंगारी
९ डिसेंबर १९८६

वहिनी,

तुमच्या डोक्याला मानलं. पण शेवटची पायरी चुकली.

पाकिटात एक चिंधी ठेवलीय. आधी ती उलगडून बघा, मगच पुढं वाचा.

बघितली? जांभळे काठ. तुमचंच जुनं लुगडं हाय, इमानाची काच पुसायला तुमी साहेबांजवळ दिलं व्हतं.

औंदा फुफाटा किती हाय ते तुमी शेडमधी बघितलंच. कळ ओढली की गरम हवा इंजनात जाते, पण ती गाळणीतून जात नाय, सगळी धूळ घेऊन आत घुसते. दोन इंजनांच्या रिंगा ह्या साली घासून गेल्या. मी रोज साहेबांच्या मागं कटकट करायचो. "जमिनीवर कळ ओढू नका साहेब, इंजन खाऊन टाकता तुमी." शेवटी साहेब वैतागले. सप्टेंबरात एक दिवस हसत हसत चिंधी फाडली अन माझ्यादेखत कळ बांधून टाकली. म्हणले, "घे, बांधली तुझी कळ. आता झोप सुखानं. ह्या दुष्काळात बर्फ कुठून येतोय!" मी बी हसलो. सोडा म्हणायला पायजे व्हतं, म्हणलो नाय. तेवढा गुन्हा माझा.

इमान पडलं त्या दिवशी साहेबांना जीपमधी निजवून माघारी गेलो अन गाठ बघितली. ती चिंधी साहेबांच्या गळ्याला फास व्हणार हे मला तवाच दिसलं. चौकशीत निघालं असतं तर साहेबांना जन्मात कोणी इमानात बसू दिलं नसतं. इमानाशिवाय साहेब काय करतील? जमिनीवर तो माणूस धा मिनिटं सुखानं बसत नाय. म्हणून कापली. तुमी पाणी पाणी करत व्हत्या, मला वाटलं, बरंय, पाणी तर पाणी. माझ्या अंगावर येऊ द्या.

आता चिंधी तुमच्या हातात हाय. जाळायची तर जाळा, मी कोणापाशी तोंड उघडणार नाय. आईची शपथ.

रामकिसन

*

औरंगाबाद
२८ डिसेंबर १९८६

प्रिय रामकिसनभाऊ,

लिहायला इतके दिवस लागले, कारण तीन दिवस मी ती चिंधी जाळणार होते. खोटं कशाला सांगू? स्टोव्ह पेटवून हातात धरली होती. तुम्ही शपथ घेतलीच होती. विश्वजितला आठवत नव्हतं. मुक्ताबाईंच्या 'गार' या शब्दाचा अर्थ माझ्याशिवाय कोणी लावला नव्हता. सगळं माझ्या बाजूनं होतं. मला माझीच किळस आली.

दोन महिने मी तुमच्यावर डोळ्यात तेल घालून संशय घेत होते. बाटलीवर संशय, बॅरलवर संशय. आणि गाठ माझ्याच लुगड्याची निघाली.

जाळली नाही त्याला कारण विश्वजितच. रोज विचारायचा, "रामकिसन का येत नाही गं?" मी रोज सांगायची, कामात असेल. त्या दुपारीही त्यानं विचारलं. माझ्यानं राहवलं नाही. चिंधी त्याच्या हातात दिली. त्यानं काठ चाचपले, म्हणाला, "हे तर तुझं जांभळं." आणि नुसता चाळा म्हणून खाटेच्या दांडीला गुंडाळत बसला. त्याची बोटं आपली आपण चालत होती. एक वेढा, दुसरा वेढा, वरून उलटी गाठ. बांधून झाल्यावर त्या गाठीकडे बघत राहिला. ती सकाळ त्याला अजूनही आठवत नाही, पण गाठ आठवली.

मी सगळी पत्रं वाचून दाखवली, माझीसुद्धा. एक शब्द गाळला नाही. ऐकून आधी तुमच्यावरच चिडला. "त्या गाढवाला कोणी सांगितलं माझी अब्रू झाकायला!" म्हणाला आणि ढसाढसा रडला. अकरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मग म्हणाला, लिही. मी लिहिलं, त्यानं सही केली. कळ मी बांधली, मेकॅनिकचा दोष नाही. चिंधी सोबत जोडली. मी स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दिलं. त्याचं विमान आता बहुधा सुटलंच. परवा खिडकीतून वर बघत होता, मी पडदा लावायला गेले तर म्हणाला, राहू दे.

तुम्हाला कंपनीचं कामावर या म्हणून पत्र येईल. आलं की आधी आमच्या घरी या. दारातून दोनदा परत पाठवलं त्याची माफी मी पत्रात मागत नाही, समोर मागेन. आणि ते बॅरल परत आणू नका. आईंना पाणी लागेल.

तुमची वहिनी,
पद्मजा

*

चिकलठाणा विमानतळ, औरंगाबाद
१२ जानेवारी १९८७

वहिनींना अन साहेबांना रामकिसनचा नमस्कार.

काल सकाळी कामावर हजर झालो. संध्याकाळी तुमच्याकडं यायचं ठरलं व्हतं, तुमी वाट बघितली असंल. आलो नाय, कारण तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाय. काय झालं ते लिहितो.

कामावर आलो अन पैले दुसऱ्या इमानात चढलो; त्याचा मेस्तरी येगळा, म्हणून आजवर त्यात बघितलं नव्हतं. ते सुयश चालवतो, साहेबांनी शिकवलेला तो नवा पायलट, साहेबांची नक्कल करतो म्हणून तुमी ज्याला हसता तो. बसायच्या जागेत वाकून बघितलं. गरम हवेची कळ बांधलेली. सुतळीनं. तीच गाठ, वरून उलटी.

त्याला इचारलं तर म्हणला, "सरांनी बांधली व्हती ना, म्हणून मी बी बांधली. धूळ जात नाय." सप्टेंबरपासून. म्हंजी साहेब पडल्यावर तीन महिने तो तशीच उडवून राह्यला. त्याच उसावरून, त्याच दवातून. त्याला कोणी सांगितलंच नाय की इमान कशानं पडलं, चौकशीचा कागद शेडपावतर आलाच नाय. कोण सांगणार? दोन महिने चिंधी माझ्या खिशात व्हती.

मला वाटत व्हतं मी एका माणसाची अब्रू झाकून राह्यलो. त्या पोराचं लगीन फेब्रुवारीत हाय, वहिनी. पत्रिका वाटून राह्यला शेडमधी. माझ्या हातात बी एक दिली.

सुतळी मी कापली. ह्या वेळेला खिशात नाय घातली. चौकशीच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली अन काय, कुठं, केव्हापासून, सगळं सवताच्या तोंडानं सांगितलं.

उद्या संध्याकाळी येतो. जेवायला थांबीन.

रामकिसन